आलेखात नावांच्या जागी ग्रहांची चित्रं आणि मागे आकाशाचा फोटो: मदत हवी आहे

शुक्रचांदणी:
नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी ग्रहांचं एक भित्तिपत्रक करते आहे. त्यात दोन आलेख आहेत. पहिला स्तंभांचा: आठ ग्रहांचे विषुववृत्तावरचे व्यास, बुधाच्या ४,८७९ किमीपासून गुरूच्या १,४२,९८४ किमीपर्यंत. दुसरा ठिपक्यांचा: आडवं सूर्यापासूनचं अंतर, उभा प्रदक्षिणेचा काळ. याचे दोन्ही अक्ष लॉग प्रमाणात (समान अंतरावर १, १०, १००, असे दहापट टप्पे) घेतलेत, कारण बुधाचे ८८ दिवस आणि नेपच्यूनची १६५ वर्षं एरवी एका कागदावर धड वाचता येत नाहीत.

आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) वापरते. पहिल्या आलेखात स्तंभांखालची नावं काढून ग्रहांची चित्रं लावायची आहेत. ऑफसेटइमेज आणि अ‍ॅनोटेशनबीबॉक्स (तिच्यातली आलेखावर चित्र ठेवायची साधनं) वापरून शून्याच्या खाली, उणे किंमत देऊन ठेवली, तर चित्रं दिसतच नाहीत. मागे आकाशगंगेचा फोटो इमशोने (चित्र दाखवणाऱ्या आज्ञेनं) लावला, तर अख्खा आलेख उभ्या रेघेइतका अरुंद झाला! दुसरा आलेख मग पारदर्शक करून सेव्ह केला आणि स्लाइडमध्ये फोटोवर ठेवला. फार देखणा दिसतो.

पण काल भाचीला दाखवला, तर तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, हा कुठला ग्रह?" तो फोटोतला तारा होता. तेव्हापासून मनात घोळतंय, की हे करावं की नाही?

मोजपट्टी:
आधी गायब चित्रांचं. जागा आकड्यांच्या अक्षावर दिली आणि ती चौकटीबाहेर पडली, तर ते चित्र काढलंच जात नाही. आडवी जागा स्तंभाच्या क्रमांकानं आणि उभी जागा चौकटीच्या प्रमाणात द्या. गेट-एक्सअ‍ॅक्सिस-ट्रान्सफॉर्म त्यासाठीच आहे. उभी जागा शून्य आणि बॉक्स-अलाइनमेंट (०.५, १) ठेवलं, की चित्राची वरची कड अक्षाला टेकते. मग व्यासाची पट्टी कितीही बदला, चित्रं हलत नाहीत. सेव्ह करताना बीबॉक्स-इंचेस 'टाइट' ठेवा, नाहीतर कागदाच्या कडेला कापली जातील.

आलेख अरुंद झाला, कारण इमशो दोन्ही अक्षांवर एककाची लांबी सारखी धरतं. तुमच्याकडे आडवे आठ एकक आणि उभे लाखाच्या वर. अ‍ॅस्पेक्ट 'ऑटो' दिलं की सुटेल. मी मात्र फोटो आलेखाच्या अक्षांवर ठेवतच नाही. त्याच आकृतीत आणखी एक चौकट घ्यायची, पूर्ण पानभर, झेड-ऑर्डर (थरांचा क्रम) उणे, म्हणजे ती सगळ्यांच्या मागे, अक्ष बंद. फोटो तिच्यात, आणि वरच्या आलेखाची पार्श्वभूमी पारदर्शक. लॉग अक्ष असो वा साधा, फोटोचा त्याच्याशी संबंधच उरत नाही.

रंगरेषा:
ताई, तुमच्या भाचीनं नेमकं दुखणं पकडलंय. ठिपक्यांच्या आलेखामागे ठिपक्यांचाच फोटो! जे चिन्ह माहिती सांगतं, तसंच दिसणारं काहीही मागे नको. शिवाय फोटोत एका कोपऱ्यात काळोख आणि मध्ये आकाशगंगेचा उजळ पट्टा, म्हणजे एकाच रंगाची अक्षरं इथे वाचता येतात, तिथे बुडतात. वेब सुलभतेचे निकष साध्या अक्षरांसाठी ४.५:१ आणि आलेखातल्या रेषा-आकारांसाठी ३:१ इतका उठाव (मागच्या रंगाशी उजळ-गडद फरक) मागतात. फोटोवर तो जागोजागी तपासावा लागतो. ठेवायचाच असेल तर शीर्षकाच्या पट्टीत ठेवा, आकड्यांखाली सपाट गडद निळा.

चित्रांच्या बाजूनं मात्र मी ठामपणे आहे. व्हिएन्नात १९२० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराट आणि मंडळींनी चित्रचिन्हांची जी पद्धत घडवली, तिचा नियम होता: राशी मोठी असेल तर चिन्ह मोठं करायचं नाही, त्याच मापाची चिन्हं जास्त काढायची. कारण उंची दुप्पट केली की रुंदीही होते, आणि डोळ्याला चौपट दिसतं. २०१५ साली हारोझ, कोसारा आणि फ्रँकोनेरी या संशोधकांनी अशा आलेखांवर प्रयोग केले. नुसत्या सजावटीची चित्रं लक्ष विचलित करू शकतात असं दिसलं; चित्रच माहिती दाखवत असेल तेव्हा वाचणाऱ्याचं नुकसान आढळलं नाही.

तुमच्या स्तंभांखालची चित्रं ओळख सांगतात. तेव्हा ती असावीत, पण नाव काढू नका. युरेनस ५१,११८ किमी, नेपच्यून ४९,५२८: स्तंभ जवळपास सारखे, चित्रंही दोन्ही निळसर गोळे. मुलं ओळखणार कशी?

आणि शनी! सगळी चित्रं सारख्या रुंदीची केलीत, तर मुख्य कडी धरून त्याची रुंदी व्यासाच्या सव्वादोन पट होते, म्हणजे शनीचा गोळा इतरांच्या निम्म्याहूनही लहान दिसेल. गोळा मापात ठेवा, कडी बाहेर जाऊ द्या.

मोजपट्टी:
शनीचं लक्षातच आलं नव्हतं. मग झूम (चित्र किती मोठं दिसावं तो आकडा) सगळ्यांना एकच देऊ नका, प्रत्येक चित्रासाठी वेगळा ठेवा.

पानगळ:
चित्रं निवडताना एक बघा. शुक्राचं सगळीकडे दिसणारं नारिंगी चित्र मॅगेलन यानाच्या रडारमापनातून केलेलं आहे; डोळ्यांना शुक्र फिकट, ढगाळ दिसतो. व्हॉयेजर २ यानानं १९८९ मध्ये टिपलेल्या नेपच्यूनच्या फोटोंचा रंगही प्रक्रियेत गडद केला होता. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणात नेपच्यून आणि युरेनस दोघेही फिकट हिरवट-निळे निघाले, नेपच्यून किंचितसा जास्त निळा. मुलांना खरा रंग दाखवायचा असेल तर जुनी चित्रं बदला.

शुक्रचांदणी:
मनापासून आभार. आज पुन्हा बसले. दुसऱ्या आलेखामागचा फोटो काढला. काढताना जीव थोडा तुटला, पण आठ ठिपके प्रथमच आठ दिसले आणि ते एका सरळ रेषेत आहेत हेही. अंतर आणि प्रदक्षिणेचा काळ यांचं नातं सांगणारा केप्लरचा नियम मला तिथेच दाखवायचा होता आणि मीच तो झाकून ठेवला होता. स्तंभांखाली चित्र, त्याखाली नाव, शनीची कडी शेजारच्या जागेत थोडी शिरलीत. युरेनस-नेपच्यूनची फिकट चित्रं घेतली, आता ती जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

शुक्राचं अडलंय. खऱ्या रंगातला शुक्र घेतला तर पांढऱ्या कागदावर त्याची कडच दिसत नाही. कोणी बारीक करडी रेघ मारून पाहिली आहे का? की सगळ्याच चित्रांमागे गडद पट्टी द्यावी?