सरावाच्या उदाहरणाखाली उत्तर छापावं की ताळा?

वक्ररेषा
अर्थशास्त्र, लेखाकर्म आणि संख्याशास्त्र यांच्या सुरुवातीच्या सराव-उदाहरणांखाली कंसात छोट्या अक्षरात उत्तर छापायची पद्धत आहे. ती बंद करावी असं माझं मत आहे. उत्तर समोर असलं की मुलं उदाहरण सोडवत नाहीत, आकडा गाठतात. उत्तराऐवजी ताळा छापा, म्हणजे आलेला आकडा कशावर घासून बघायचा ते सांगा.

उदाहरण घ्या. किंमत १० वरून १२ झाली, मागणी १०० वरून ८० वर आली. शेकडेवारीने मागणी २० टक्के घटली, किंमत २० टक्के वाढली, म्हणून लवचिकता, म्हणजे मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल, १ (उणे चिन्ह सोडून देतो). खाली ‘उत्तर : १’ छापलेलं, वही मिटली. आता एकूण प्राप्ती काढा. आधी १० × १०० = १०००, नंतर १२ × ८० = ९६०. लवचिकता खरंच १ असती तर प्राप्ती हलली नसती. ती ४० ने घटली आहे, म्हणजे या टप्प्यात लवचिकता १ पेक्षा जास्त आहे. हेच उदाहरण उलटं, १२ वरून १० असं सोडवलं तर किंमत १६.६७ टक्के घटते, मागणी २५ टक्के वाढते आणि उत्तर १.५ येतं. रस्ता तोच, जाताना एक अंतर आणि येताना दुसरं!

मध्यबिंदू पद्धतीने बदलाला सरासरीने भागा. २० भागिले ९० म्हणजे २२.२२ टक्के, २ भागिले ११ म्हणजे १८.१८ टक्के, लवचिकता १.२२. ही दोन्ही दिशांनी सारखीच येते आणि प्राप्तीशीही जुळते. हा योगायोग नाही. किंमत वाढून प्राप्ती घटली असेल तर मध्यबिंदूची लवचिकता १ पेक्षा जास्तच येते, कोणतेही दोन बिंदू घ्या. छापील ‘१’ वाचून यातलं काही कळत नाही. ‘प्राप्ती काढून बघा’ या तीन शब्दांनी सगळं कळतं.

तेरीज
साफ असहमत. अर्थशास्त्रात ताळा चालतो म्हणून तो सगळीकडे चालेल असं नाही. लेखाकर्मात ताळा हाच सगळ्यात मोठा फसवा आहे.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, जुळली म्हणजे नावे-जमा सारखे आहेत, एवढंच सिद्ध होतं. व्यवहार रोजकीर्दीत लिहायचाच राहिला तरी ती जुळते. फर्निचरची दुरुस्ती फर्निचर खात्यावर चढवली तरी जुळते. एका ऋणकोची रक्कम दुसऱ्याच ऋणकोच्या खात्यावर गेली तरी जुळतेच.

आता अंतिम लेखे, म्हणजे नफातोटा खातं आणि ताळेबंद, बघा. तेरजेत ऋणको ५०,००० आणि जुना संशयित कर्ज निधी (येणं बुडेल या शंकेने केलेली तरतूद) १,५००. समायोजना (तेरजेनंतर करायच्या नोंदी) : आणखी २,००० बुडीत लिहा आणि ऋणकोंवर ५ टक्के निधी ठेवा. बरोबर रीत अशी की आधी २,००० वजा करायचे आणि उरलेल्या ४८,००० वर ५ टक्के म्हणजे २,४०० निधी ठेवायचा. नफातोटा खात्याला २,००० + २,४०० − १,५०० = २,९०० नावे. ताळेबंदात ऋणको ४५,६००.

हमखास होणारी चूक म्हणजे ५०,००० वरच ५ टक्के काढणं. निधी २,५०० होतो, नफातोटा खात्याला ३,००० जातात, नफा १०० ने कमी. ताळेबंदात ऋणकोही १०० ने कमी. दोन्ही बाजू सारख्याच घटल्या, ताळेबंद चोख जुळला! ‘निव्वळ नफा अमुक’ असं छापलेलं नसेल तर ही चूक त्या मुलाला कधी दिसणार?

मागचा बाक
तेरीज यांच्याशी सहमत. वर्गात शिक्षक असतात तिथे ताळा पुरेल. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला उत्तर नसेल तर तो एकच चूक वीस उदाहरणांत वीसदा गिरवतो आणि त्यालाच सराव म्हणतो.

वक्ररेषा
तेरीज, तुम्ही दाखवलंत ते मान्य, पण त्यातून एवढंच निघतं की ताळेबंद जुळणं हा त्या उदाहरणाचा योग्य ताळा नाही. योग्य ताळा असा : नव्या निधीला, बुडीत वजा केल्यानंतर उरलेल्या ऋणकोंनी भागा. बरोबर ५ टक्के यायला हवेत. २,५०० भागिले ४८,००० म्हणजे ५.२१ टक्के येतात, चूक तिथल्या तिथे सापडली.

तेरीज
हा ताळा कसला, ही तर अख्खी पायरीच हातात दिलीत. ‘बुडीत वजा केल्यानंतर उरलेले ऋणको’ हे शब्द वाचले की उदाहरणात शिकण्यासारखं काय उरलं? उत्तर निदान मुका आकडा असतो, तो फक्त ‘चुकलास’ म्हणतो. कुठे चुकलं ते शोधणं विद्यार्थ्याकडेच राहतं आणि खरा सराव त्या शोधण्यातच आहे.

शोधायच्या रीतीही ठरलेल्या आहेत. ताळेबंद जुळत नसेल तर फरकाची रक्कम आधी उदाहरणात जशीच्या तशी शोधा. १,२०० ची अदत्त (द्यायची राहिलेली) मजुरी मजुरीत मिळवली आणि दायित्वात लिहायची राहिली तर फरक नेमका १,२०० येतो. रक्कम सापडली नाही तर फरक निम्मा करून शोधा, कारण एखादी रक्कम उलट बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो. तेही नाही जमलं तर ९ ने भागा. ५४० चे ४५० लिहिले गेले की फरक ९०. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने नेहमी भाग जातो. (उलट मात्र खरं नाही. ९ ने भाग गेला म्हणून अदलाबदलच झाली असं नसतं.)

नमुना
तुम्ही दोघं एक गोष्ट गृहीत धरताय, की बरोबर उत्तर एकच असतं. संख्याशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात ते खोटं ठरतं. ३, ४, ५, ६, ६, ७, ८, ९ ही आठ निरीक्षणं घ्या आणि पहिला चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली पाव निरीक्षणं येतात तो आकडा, काढा. (एन + १) भागिले ४ या सूत्राने (एन म्हणजे निरीक्षणांची संख्या) स्थान २.२५ वं, उत्तर ४.२५. खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक घेतला तर ४.५. एक्सेलच्या जुन्या चतुर्थक-सूत्राने ४.७५. तिन्ही बरोबर. हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली संगणक-प्रणालींमधल्या अशा नऊ व्याख्या एकत्र मांडल्या होत्या. उदाहरणाखाली ‘४.२५’ एवढंच छापलं तर ४.५ काढणारी मुलगी आपलं काहीच चुकलेलं नसताना अर्धा तास चूक शोधत बसते.

याच आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. माध्य ६, विचलनांच्या वर्गांची बेरीज २८. ८ ने भागलं तर ३.५, वर्गमूळ १.८७. ७ ने भागलं तर ४, वर्गमूळ २. आता विद्यार्थी काय करतो? ‘२ छान पूर्णांक आला, तेच असणार’ म्हणून ७ ने भागतो. कारण नमुना आहे (मग ७ ने भागा) की समष्टी, म्हणजे अख्खा गट (मग ८ ने), हे असायला हवं, आणि ठरवतोय आकड्याचा सुबकपणा. सगळी उत्तरं गोल येतील असे आकडे बसवणाऱ्यांनी ही सवय लावली आहे. सराव-संचात निम्मी तरी उत्तरं ओबडधोबड हवीत.

म्हणून माझं म्हणणं, उत्तर की ताळा हा वाद नंतर घाला, आधी प्रश्न पुरा लिहा. ‘ही आठ निरीक्षणं हा नमुना आहे, अमुक सूत्र वापरा.’

मागचा बाक
सूत्रसुद्धा प्रश्नातच सांगितलं तर मग कॅल्क्युलेटरची परीक्षा घ्या.

नमुना
चतुर्थकाचं सूत्र हा संकेत आहे, तो सांगण्यात काही बिघडत नाही. जिथे निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा आहे तिथे नका सांगू. उदाहरणार्थ, जुनी सरासरी ५०, नमुना ६४ चा, त्याची सरासरी ५१.८, समष्टीचं प्रमाण विचलन ८. प्रमाण त्रुटी ८ भागिले ६४ चं वर्गमूळ, म्हणजे १. झेड, म्हणजे सरासरीतला फरक भागिले प्रमाण त्रुटी, १.८. ‘सरासरी वाढली आहे का’ असं विचारलं असेल तर चाचणी एकतर्फी, ५ टक्के पातळीला सीमा १.६४५, शून्य गृहीतक (‘सरासरी ५० च आहे’) फेटाळायचं. ‘सरासरी बदलली आहे का’ असेल तर चाचणी दुतर्फी, सीमा १.९६, फेटाळायचं नाही. आकडेमोड अक्षरशः तीच, निकाल उलटा. इथे ‘उत्तर : झेड = १.८’ छापणं निरुपयोगी आणि ताळाही कुठला देणार? प्रश्नातलं क्रियापद वाचणं हाच तो सराव.

फेरपालट
तुम्ही तिघंही उदाहरणाच्या खाली काय छापायचं ते बघताय. उदाहरणांचा क्रम बघा. लवचिकतेच्या प्रकरणामागे सलग पंधरा उदाहरणं लवचिकतेचीच असतात, त्यामुळे पद्धत निवडावीच लागत नाही. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे तपासलं होतं. एकाच प्रकारची सलग उदाहरणं सोडवणारे सरावात पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र मिसळलेली उदाहरणं सोडवणारे खूपच पुढे गेले. नमुना यांची दोन वाक्यं, ‘वाढली’ आणि ‘बदलली’, सात-आठ उदाहरणांच्या अंतराने टाका, मग गंमत बघा.

तेरीज
लेखाकर्मात मिसळायला मर्यादा आहे. ज्याला रोजनोंद जमत नाही त्याला समायोजना मिसळून देणं म्हणजे नुसता छळ. आणि अंतिम लेख्यांचं उदाहरण मुळातच मिसळलेलं असतं.

वक्ररेषा, मधली वाट सुचवतो. उत्तर राहू द्या, पण संचाच्या शेवटी, आणि त्याच्यासमोर फरकाचं कारण. वरच्या उदाहरणात : ‘नफा १०० ने कमी आला तर निधी ५०,००० वर काढलात. १,९०० ने जास्त आला तर २,००० ची समायोजना पूर्णच सुटली आणि निधी २,५०० धरला गेला.’ दोन्ही वेळा ताळेबंद जुळलेलाच असतो, म्हणून ही टीप लागते.

वक्ररेषा
एक-दोन समायोजना असतील तोवर ठीक. दहा असल्या की दोन चुका मिळून तिसऱ्याच चुकीचा फरक दाखवतील. आणि १०० कमी, १०० जास्त असं झालं तर छापील नफाही बरोबर जुळेल.

तेरीज
म्हणून तर पहिली पाच उदाहरणं तीनच समायोजनांची द्यायची, आणि रक्कम प्रत्येकीची वेगळी. घसाऱ्याचे १,००० आणि अदत्त भाड्याचेही १,००० असं एका उदाहरणात घालायचं नाही. फरक १,००० आला तर कुठलं सुटलं ते कळलं पाहिजे.