मदत हवी आहे: ओरेगॉनच्या हाय डेझर्टमध्ये घोड्यांसाठी जागा, घ्यावी की सोडावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो. दोन घोडे आहेत, दोन्ही बायकोचे. माझ्याकडे लीद उचलायचं खातं आहे. सध्या दुसऱ्याच्या तबेल्यात महिन्याचे पैसे भरून ठेवलेत. मुलगा कॉलेजला गेला, दोघांचंही काम घरूनच चालतं, म्हणून कॅस्केड डोंगररांगेच्या पलीकडे हाय डेझर्टमध्ये, म्हणजे उंचावरच्या कोरड्या मुलखात, बेंड शहराच्या पूर्वेला अल्फाल्फा नावाच्या वस्तीजवळ एक जागा बघून आलो. (अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. गावाचं नावच लसूणघास, मग चाऱ्याची काय काळजी, हे बायकोचं म्हणणं.)

जागा 20 एकर. त्यातल्या 9 एकरांना कालव्याच्या पाण्याचा हक्क, बाकी ज्युनिपरची झाडं, सेजब्रशची झुडपं आणि लाव्हाचे खडक. जुनं घर, सहा ठाणांचा तबेला, गवताची शेड, एक वर्कशॉप, आणि तबेल्यात खोगीर-लगामाच्या खोलीवर बांधलेला छोटा फ्लॅट.

मी मूळचा माण तालुक्यातला, त्यामुळे कोरडी जमीन बघून दचकलो नाही. गणित तेच आहे. महाबळेश्वरला धो धो आणि दहिवडीला ढग नुसते बघायचे, तसंच इथे. कॅस्केडच्या पश्चिम उतारावर झाडांना शेवाळ लोंबतं, आणि सँटियम खिंड ओलांडून सिस्टर्स गावाच्या पुढे गेलात की झाडं बुटकी होत जातात. बेंडला वर्षाला जेमतेम 11-12 इंच पाऊस, त्यातलाही बराचसा बर्फ म्हणून पडतो. फरक थंडीचा. उंची 3,600 फुटांच्या आसपास, आणि जूनमध्येसुद्धा पहाटे दंव गोठू शकतं.

माझं मन अडलंय ते पाण्यावर. इथे कालवे साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतात. आम्ही गेलो ऐन जूनमध्ये. शेजाऱ्याकडे फवारे चालू, हिरवंगार. आमच्या (अजून आमच्या नाही!) शेततळ्याच्या तळाला भेगा. पंपाच्या पेटीचं झाकण उचललं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. चाकांवर फिरणारी तुषारसिंचनाची लांब नळी, ज्याला इथे व्हील लाइन म्हणतात, ती कुंपणाशी उभी, आणि एका चाकाच्या आऱ्यांमधून ज्युनिपरचं हातभर रोप वर आलेलं. एजंट म्हणाला, "यंदाच पाणी घेतलं नाही." ज्युनिपर किती सावकाश वाढतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू आवरावं.

ओरेगॉनात पाण्याचा हक्क सलग 5 वर्षं वापरला नाही तर तो जाऊ शकतो, एवढं मी वाचलंय. गावाकडे पाळी चुकली तर पाटकऱ्याशी भांडून पुढच्या आवर्तनात तरी वसूल करता येते. इथे मुळातच हक्क गेला असेल तर मी 9 एकर कुरणाच्या भावाने नुसती धूळ विकत घेणार.

दुसरं, तो फ्लॅट. बाथरूम आहे, शेगडी आहे, जाहिरातीत "पाहुण्यांसाठी किंवा भाड्याने" असं लिहिलंय. जमीन ईएफयू झोनची, म्हणजे फक्त शेतीसाठी राखलेली. हे कायदेशीर असेल का? तिसरं, शेतजमीन म्हणून मालमत्ता कर कमी लागतो. आमचे दोन घोडे हौसेचे. ती सवलत राहते का?

जाणकारांनी कृपया सांगावं. बायकोने ठाणांना घोड्यांची नावं देऊनही टाकली आहेत.

प्रतिसाद:

आम्ही बेंडच्या उत्तरेला रेडमंडजवळ अकरा वर्षं आहोत, घोडे तीन. आधी पाण्याचं. कालव्याचं पाणी वाटणारी संस्था सेंट्रल ओरेगॉन इरिगेशन डिस्ट्रिक्ट असेल तर हक्क 1900 आणि 1907 सालचे, म्हणजे जुने. इथे ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी. उत्तरेकडच्या नॉर्थ युनिट या दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा हक्क 1913 चा. 2021-22 च्या दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी शेतं पडीक ठेवली. तेव्हा साल बघाच. पण तळं कोरडं म्हणजे हक्क गेलाच असं नाही. बरेच मालक आपलं पाणी वर्षभरासाठी नदीत सोडायला लीजवर देतात, आणि ते वर्ष वापरात धरलं जातं. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून त्या जागेचा नकाशा आणि गेल्या पाच-सहा वर्षांची नोंद लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

फ्लॅटचं: शेतीच्या इमारतीला बांधकाम परवान्यातून सूट मिळते, पण ती गुरं, गवत, अवजारं यांच्यासाठी. माणूस राहायला लागला की सूट संपली. शिवाय वीज आणि प्लंबिंगला परवाना तेव्हाही लागतोच. डेशूट्स काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) डायल नावाच्या साइटवर पत्ता टाका, परवाने दिसतील. फ्लॅटचं काहीच सापडलं नाही तर ती गवत ठेवायची महागडी खोली समजा आणि तेवढीच किंमत द्या.

करसवलत नफ्यासाठी केलेल्या शेतीला असते. स्वतःच्या हौसेच्या घोड्यांवर ती टिकत नाही, दुसऱ्यांचे घोडे नफ्यासाठी सांभाळले तर टिकू शकते. ईएफयूमध्ये सवलत गेली तर मागच्या 10 वर्षांपर्यंतचा फरक वसूल होऊ शकतो. कागद होण्याआधी काउंटीच्या असेसरला, म्हणजे कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा.

आणि बोअर! विक्रीच्या वेळी विकणाऱ्याला आर्सेनिक, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतूंची तपासणी करून द्यावी लागते. पाणी किती येतं हे त्यात कळत नाही. निदान दोन तास पंप चालवून मोजा. घोडा दिवसाला 8-10 गॅलन पितो, आणि जानेवारीत तो पाणी पिईल की नाही हे टाकीतल्या हीटरवर ठरतं.

दुसरा प्रतिसाद:

कोरड्या आवारात गवत जमिनीवर टाकू नका, वाळू पोटात जाऊन पोटशूळ होतो. रबरी चटई घाला. इथल्या ज्वालामुखीच्या मातीत सेलेनियम कमी, म्हणून चाऱ्याबद्दल व्हेटशी आधी बोला. मोठ्या ऑपरेशनची वेळ आली तर युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल कॉर्व्हॅलिसला, आणि मध्ये तीच खिंड. डिसेंबरात तिथून ट्रेलर ओढून बघा म्हणजे कळेल.

धागाकर्ता:

खूप आभार. ऑफिसात जाऊन आलो. 9 पैकी 6 एकरांचं पाणी खरंच नदीला लीजवर होतं, नोंदी नीट आहेत. उरलेल्या 3 एकरांचा वापराचा काही पुरावा नाही. तुमचा अंदाज बरोबर निघाला, फ्लॅटचा परवाना सापडला नाही. बोअर गुरुवारी दोन तास चालवणार आहोत. ऑफर 6 एकर पाणी आणि फ्लॅट शून्य धरून देतोय, बायको नाराज आहे पण मोजणीच्या वेळी बादली धरायला तयार झाली. करसवलतीसाठी असेसरची वेळ पुढच्या आठवड्यातली.

दरम्यान, व्हील लाइनचं इंजिन दुरुस्त करणारा कुणी बेंड-प्राइनव्हिल भागात माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. ते रोप मी जाताना उपटणार होतो, पण जागा अजून आमची नाही, म्हणून राहू दिलं.