अनुभव धागा: वीकेंडच्या घराची शेती झाली (किंवा होता होता राहिली)

पागोळी
आज माळा आवरताना जुनं बिलबुक सापडलं. पहिल्याच पावतीवर बाबांचं अक्षर, 'इंद्रायणी 5 किलो, 300 रु., बाकी'. ते 300 अजून बाकीच आहेत, कारण घेणारी माझी सख्खी आत्या.

पवन मावळातलं घर बाबांनी निव्वळ शनिवार-रविवारसाठी बांधलं होतं. पाऊस बघायचा, कांदाभजी खायची, रविवारी ट्रॅफिकला शिव्या घालत पुण्याला परत. पुढची 20 गुंठे भातखाचरं गावातले तात्या कसायचे, आम्हाला वर्षाला एक पोतं तांदूळ. 2020 च्या मार्चमध्ये चार दिवसांसाठी गेलो आणि अडकलो. 3 जूनच्या निसर्ग वादळात पडवीचे पत्रे उडाले. जुलैत लावणीला माणसं मिळेनात, मग आम्हीच उतरलो. बँकेतून रिटायर झालेले बाबा चिखलात जे बसले ते उठेनातच, तात्यांनी आणि मी ओढून काढलं. तात्यांच्या घरच्या आक्का बांधावर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

6 क्विंटल भात निघाला, भरडून पावणेचार क्विंटल तांदूळ. सोसायटीच्या ग्रुपवर 60 रुपये किलोने विकला. सगळं वजा जाता नफा दीड हजार. आणि तक्रारी काय, तर भात गिचका होतो! नवा तांदूळ आहे हो, पाणी कमी घाला, असं 14 घरांना फोन करून सांगितलं. आता पिशवीवरच छापतो.

तुमचं कोणाचं असं काही झालंय का? फसलेलं आधी सांगा.

अर्धा_कप
आत्याला व्याज लावा हाहाहा

मधली_सुट्टी
आमची स्ट्रॉबेरी, भिलारच्या बाजूला. सासऱ्यांचा बंगला वर्षातून दहा दिवस उघडायचा. गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक, सगळं केलं. सप्टेंबरात रोपं लावली आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा कोसळला की निम्मे वाफे ओढ्यात. उरलेल्यांना डिसेंबरात फळ आलं. फळ उजाडताच तोडायचं, देठासकट. ऊन चढलं की बोट लावाल तिथे डाग पडतो. हे आम्हाला 20 किलो लगदा वाईपर्यंत नेल्यावर कळलं.
त्या लगद्याचा सासूबाईंनी रात्री जॅम केला आणि धंदा खरा तिथून उभा राहिला. अन्न नोंदणी वगैरे जावेने ऑनलाइन केली. माझ्याकडे बाटल्या उकळणं आणि लेबलं. लेबल तिरकं लागतं म्हणून रोज बोलणी खाते. कुकर झालाय, येते.

कुंपणावरची
आधी कागद बघा बायांनो. आमचा प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती. हौसेने आल्याची लागवड केली, पीक पाहणीला, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला गेलो तर तलाठी भाऊसाहेब हसले. एनएवर कसली पीक पाहणी! पीक विमा नाही, ठिबकचं अनुदान नाही. बरं, शेजारची शेतजमीन घ्यावी तर शेतकरी असल्याचा दाखला हवा. आमच्या सात पिढ्या गिरगावात. शेवटी मामेसासऱ्यांचा सातबारा कामी आला, जमीन त्यांच्या नावावर, राबतो आम्ही. दिवाळीला त्यांना मोठा फराळ जातो.

गोंधळी
नवऱ्याला गावरान अंडी विकायची होती. 40 पिल्लं आणली. मुंगूस. विषय संपला.

पागोळी
@गोंधळी अरेरे. खुराड्याच्या तळाला जाळी नव्हती का?

गोंधळी
होती. दार नव्हतं.

मु_पो_मुळशी
इंद्रायणी कसली लावता, आंबेमोहर लावा. शिजला की शेजारीण डोकावते.

पागोळी
@मु_पो_मुळशी लावला होता काका. उंच वाढतो, वाऱ्याने आडवा होतो आणि पीक निम्मं. इंद्रायणी तरी कुठे परकी आहे? आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचंच लेकरू, आमच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातलं.

मु_पो_मुळशी
लेकराला आईचा वास नाही.

अर्धा_कप
हे वाक्य पिशवीवर छापू नका फक्त

दगडफूल
वेल्ह्याकडे आमची 60 आंब्याची कलमं होती. चार वर्षं दर शनिवारी पुण्याहून कॅन नेऊन पाणी घातलं, मुलांची नावं दिली होती झाडांना. फेब्रुवारीत वणवा आला. आम्ही पोचलो तेव्हा ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटलेल्या, आणि खोडाला हात लावला तर गरम. काडी कोणाची ते माहीत आहे, बोलत नाही, त्याच वाटेने जायचंय. जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची राहिली ही चूक आमचीच. गवत वाळायला लागलं की लगेच काढा, 'पुढच्या आठवड्यात' म्हणू नका.
कलमं परत लावली नाहीत. जळालेल्या जाळ्यांतून करवंदं मात्र आपोआप फुटली. दोन वर्षांनी मे महिन्यात मुलीने पळसाच्या द्रोणात घालून रस्त्यावर विकली, 700 रुपये आले. आता लोणचं आणि सरबतही करतो.

मधली_सुट्टी
@दगडफूल वाचून कसंतरी झालं. लोणच्याची कृती टाका ना. आमचं खवट होतं.

दगडफूल
चीक नीट काढत नसाल. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा. तेल कडकडीत तापवून गार केलेलं.

कुंपणावरची
धागा लोणच्यावर गेला म्हणजे शंभरी नक्की

चहाला_आलं
प्रश्न: नवरा-बायको एकत्र हे करतात तेव्हा भांडणं किती? मैत्रिणीसाठी विचारतेय.

मधली_सुट्टी
मैत्रिणीला सांग वजनकाटा एकाकडे आणि गल्ला दुसऱ्याकडे ठेव.

पागोळी
@चहाला_आलं आमच्याकडे बाबा आणि तात्या भांडतात. खाचराला पाणी कधी सोडायचं यावर सहा वर्षं. तात्या बरोबर असतात, बाबा वहीत लिहून ठेवतात. निम्मा वाटा तात्यांचा, यंदापासून बिलबुकही आक्कांच्या नातवाकडे, त्याचा हिशोब बाबांपेक्षा चोख आहे.
बाकीच्यांना रात्री उत्तर देते. गिरणीवाल्याचा फोन आलाय, भात ओला आहे म्हणतोय, कण्या पडतील. परत अंगणात पसरायचा आणि वर ढग आलेत.