हात थरथरतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता कोणाला दाखवू?

कोपरखैरणेकर:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वय ४७, शाळेत शिकवते. सात-आठ महिने झाले हात थरथरतायत, आधी उजवा, आता दोन्ही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंना कुंकू लावायला गेले तर बोट कपाळावर टेकेचना, पार नाकापर्यंत ओढलं गेलं. घरी येऊन रडले. फळ्यावर अक्षर वाकडं येतं, पोरं एकमेकांकडे बघतात. कप बशीत ठेवला की खडखड वाजतो म्हणून आता स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा घेते. एक डॉक्टर म्हणाले टेन्शन, दुसरे म्हणाले मेनोपॉज, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या झाल्या, थायरॉईड, शुगर, एमआरआय सगळं नॉर्मल आणि त्यामुळे आता घरचेपण म्हणतात मनावर घेऊ नकोस. हे मनाचं नाहीये हो. वाशी-ठाण्याकडे नेमकं कोणाला दाखवायचं?

ऐरोली_सेक्टर८:
ताई, आधी सांगा हात कधी थरथरतो, काम करताना की नुसता ठेवलेला असतानापण? मला इसेन्शियल ट्रेमर आहे, म्हणजे काम करताना हात थरथरण्याचा आजार, माझा हात मांडीवर ठेवला की एकदम शांत, कप उचलला की सुरू. बाबांचंही तसंच होतं. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, बहुतेक वेळा उलटं, हात नुसता ठेवलेला असताना थरथरतो आणि सुरुवात एकाच बाजूने होते. एमआरआय दोन्हीत नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काही नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. न्यूरॉलॉजिस्टकडेच जा, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे. माझ्याकडून कागदावर जिलबी काढून घेतली, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, चालायला लावलं, तेवढ्यावर निदान झालं. मला थरथरीवर प्रोप्रानोलॉलची गोळी चालू आहे, पण दमा असेल तर ती चालत नाही, म्हणून माझं वाचून मेडिकलमधून आणू नका प्लीज.

नौपाडा_ठाणे:
गोळ्या कोणत्या चालू आहेत हे कोणी विचारलं का तुम्हाला? माझ्या आईचे चार डॉक्टर झाले, एकानेही विचारलं नाही. ती दीड वर्षं ॲसिडिटीची कॅप्सूल घेत होती, रोज सकाळी उपाशीपोटी. त्यात लेव्होसल्पिराइड होतं. ते डोपामाइन, म्हणजे हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन, अडवतं, त्यामुळे हुबेहूब पार्किन्सन्ससारखं दिसतं. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनने पण होतं, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने पण. दम्याच्या पंपाने, फिटच्या व्हॅल्प्रोएटने हात थरथरतो तो वेगळा प्रकार. गोळ्यांच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं ते वाचा.

कळवा_नाका:
परळच्या केईएमला न्यूरॉलॉजी आहे, ठाण्याहून स्लो लोकलने थेट परळ. ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, गर्दी खूप असते. आणि घरी व्हिडिओ काढून ठेवा, जेवताना, लिहिताना, टीव्ही बघताना. माझ्या भाच्याचा हात डॉक्टरांसमोर थरथरायचाच नाही, व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे पटलं. तो २२ वर्षांचा, म्हणून त्याची विल्सनच्या आजाराची (शरीरात तांबं साठतं तो) तपासणीपण केली, रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि डोळे. तरुण पोरांमध्ये ते बघावंच लागतं.

कोपरखैरणेकर:
नौपाडा, तुमचं वाचलं आणि तशीच उठून ड्रॉवर उघडला. माझ्याही कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड आहे!! गेल्या दिवाळीनंतर १५ दिवसांसाठी लिहून दिली होती, बरं वाटलं म्हणून मी घेतच राहिले. ऐरोली, हात मांडीवर असतानापण थरथरतो. मुलगी मध्ये म्हणाली होती आई तू चालताना हात हलवत नाहीस, तेव्हा लक्षच दिलं नाही.

नौपाडा_ठाणे:
हे हात न हलवणं डॉक्टरांना नक्की सांगा, पार्किन्सन्ससारख्या त्रासात तसं होतं. पट्टी सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका.

कोपरखैरणेकर:
तीन आठवड्यांनी लिहितेय. न्यूरॉलॉजिस्टने अर्धा तास तपासलं, मनगट फिरवून बघितलं, कॅप्सूल बंद केली. म्हणाले औषधाचंच वाटतंय पण काही महिने बघू, नाही गेलं तर पुढच्या तपासण्या. थरथर अजून आहे. नौपाडा, तुमच्या आईंना किती दिवस लागले?

नौपाडा_ठाणे:
चार महिने. पहिला महिना काहीच फरक नव्हता, आम्ही घाबरलो होतो. आधी चालणं सुधारलं, मग पोळी लाटायला लागली, थरथर सगळ्यात शेवटी गेली.