कलाकार आई-बाबांच्या आठवणी सांगा

ज्यांचे आई किंवा बाबा आयुष्यभर कलाकार होते आणि आता नाहीत, अशा नागपूरकरांनी इथे लिहावं. सत्कार, हारतुरे यांबद्दल शोकसभेत बोलून होतं. घरात ते काम कसं चालायचं, हे घरच्यांनाच ठाऊक. तेच लिहा.

सुरुवात मी करते. माझे बाबा पेंटर. सीताबर्डीतल्या दुकानांच्या पाट्या करायचे. खडू फासलेली दोरी भिंतीवर ताणून मधोमध ओढून सोडली की सरळ रेघ उमटते. दोरीचं दुसरं टोक धरायचं काम माझं. 'अक्षर कोणीही काढते गं, दोन अक्षरांमधली जागा सांभाळता आली पाहिजे,' म्हणायचे. फ्लेक्स आले, कामं आटली. तरी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, केस बोटांनी जुळवून ठेवायचे, उद्या काम असो नसो.

*

आम्ही महालातल्या चितार ओळीतले. गणपतीपासून दुर्गेपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसायची. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, सांगाडा सुतळीने आवळायचा, त्यावर माती. झड लागली की माती वाळत नसे आणि घाईने शेकली की तडे जात. मग बाबा पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या तड्यांवर चिकटवत रात्र काढायचे. 'बाबा, झोपा ना आता,' म्हटलं तर हूं की चूं नाही.

*

माझे वडील पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या मोठ्या पुतळ्याच्या, कामाला जायचे. 1885 पासूनची परंपरा ती. इतके दिवस खपून केलेली मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतात, याचं मला लहानपणी रडू यायचं. त्यांना कधीच वाईट वाटलं नाही. 'पुढच्या वर्षी नाक अजून चांगलं काढू,' एवढंच.

*

माझी माय झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत होती. भाऊबीज झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की ती नाटक कंपन्यांच्या वडशाला निघायची. रात्री उभं राहिलेलं नाटक पहाटे संपणार, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. नातेवाईक नावं ठेवायचे. त्याच पैशांतून त्यांच्या लग्नांना आहेर गेले, हे मला आवर्जून सांगायचं आहे. स्वयंपाक करता करता ती नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद, पाठ करायची, समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचायचो. तिच्या हातच्या नकलांच्या वह्या माझ्याकडे आहेत, पानं सुटत चालली आहेत. झाडीपट्टीवर काम करणाऱ्या कोणाला उतरवून घ्यायच्या असतील, तर जरूर सांगा.