मदत हवी आहे: लेदर सोलच्या बुटांना रबर लावू की नवा सोलच शिवून घेऊ?

नमस्कार मंडळी,

काळे ऑक्सफर्ड (बंद लेसचे फॉर्मल) बूट आहेत, गुडइयर वेल्टचे, म्हणजे बुटाच्या कडेने शिवलेल्या चामडी पट्टीला (वेल्टला) सोल शिवलेला, त्यामुळे तो बदलता येतो. तळ पूर्ण चामड्याचा. लागोपाठ दोन दिवस घालत नाही, काढले की देवदाराचे शू-ट्री (बुटाचा आकार टिकवणारे लाकडी साचे) घालून ठेवतो. वरचं चामडं त्यामुळे अजून झकास आहे. तळाची मात्र रया गेलीय. उजव्या बुटाच्या टोकाशी शिवणीचा दोरा उघडा पडलाय, आणि चवड्याखाली अंगठ्याने दाबलं की रुपयाएवढा भाग आत दबतो. म्हणजे सोल पातळ झालाय, आणखी रेटलं तर सोलच्या आत भरलेलं कॉर्क बाहेर येणार.

कोपऱ्यावरचे मोचीकाका म्हणतात, "रबराचा अर्धा सोल चिकटवतो, चार खिळे मारतो, पावसाची चिंता नको." काकांचा हात चांगला आहे, पण खिळे मारून घ्यायला जीव धजत नाही. वेल्टला भोकं पडली तर पुढे नवा सोल शिवताना पंचाईत. आणि मऊ पडलेल्या चामड्यावर रबर टिकणार किती?

मुंबई-पुण्यात वेल्ट शाबूत ठेवून पूर्ण सोल बदलून देणारं कुणी आहे का? अंदाजे खर्च किती येतो? नव्या सोलला टोकाशी लोखंडी पट्टी बसवावी का? मेट्रो स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर ती घसरते का, हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.

"पावसाळ्यात घालूच नका" हे ठाऊक आहे, ऑफिसला ठाऊक नाही.