गणवेशाच्या गावातली पोरं

हल्लीची मुलं रील बघून कपडे मागतात, त्यात त्यांचं स्वतःचं काही नसतं आणि खर्च मात्र वाढत जातो, असं म्हणतात. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. आमचं सोलापूर म्हणजे गणवेश शिवणारं गाव. इथले कपडे घालून परराज्यांतली मुलंही शाळेत जातात. अशा गावात वेगळं दिसायला उरतं काय? केसांचा भांग, बुटांची लेस, दप्तराला लटकवलेलं काहीतरी. पण तेवढ्यातही पोरं कमाल करतात! माझ्या भाचीने जुन्या जीन्सच्या जॅकेटच्या बाह्या कापल्या आणि कडेला आजीच्या विरलेल्या इरकलीचा काठ लावून घेतला. हे कुठल्या रीलमध्ये होतं? (सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना जॅकेट, ते सोडा.)

जानेवारीत आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या यात्रेत हीच पोरं पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घालून नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांबरोबर, हौसेने चालतात. तिथे सगळ्यांसारखं दिसायला त्यांची ना नसते. फक्त गॉगल ज्याचा त्याचा. थोरले कुरकुरतात, पण काढायला कोणी लावत नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. दर महिन्याला नवं मागितलं की मी सरळ कपाटातलं जुनं काढून देते आणि कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे पाठवते.